सहा मुके नाताळ

लोपिनो, १ डिसेंबर

लाली,

मोठं पातेलं तू घेऊन गेलीस. घेऊन जा, तुझ्या आईचंच आहे ते. पण मी सध्या कोकोचा चहा दुधाच्या रिकाम्या डब्यात उकळतो आणि पिताना डब्याचा काठ ओठाला चटका देतो, एवढं तुझ्या कानावर असावं.

ऑगुस्तीनाच्या उंबऱ्यात तोंड दाखवलंस तर याद राख, असं तू बजावून गेलीस. दाखवत नाही. तुझी बहीण हातात झाडू असताना कशी दिसते ते मला ठाऊक आहे. पण पत्राला तोंड नसतं. रामकिसून टोकोची बस घेऊन जातोच, त्याच्या हाती हे देतोय. उत्तर त्याच्याच हाती दे. तो तिकिटाचे पैसे पत्राकडून घेत नाही, मी विचारून घेतलं.

लोक विचारतात. मी सांगून टाकलं की ऑगुस्तीनाचा पाय सुजलाय म्हणून लाली मदतीला गेली. काल टॅक्सीत मागच्या सीटवर तांती क्लेता मांडीवर टोपली घेऊन बसली होती. म्हणाली, "कुठला पाय रे, बाल्दो?" मी म्हटलं, डावा. "मग उजव्यावर नाचली असेल. गेल्याच महिन्यात आरिमाच्या लग्नात पाहिलं मी तिला. नवरामुलगा दमला, ही नाही दमली." गाडीतले सगळे हसले. मीही हसलो. टॅक्सीवाल्याने गिऱ्हाइकाबरोबर हसावं, भाडं सुटं मिळतं.

आता मुद्द्याचं. चार वार कापडासाठी कुणी नवऱ्याला सोडून जातं का, मला सांग. खिडकीला पडदे आहेत. दोनदा उलटले आहेत हे खरं, पण तिसऱ्यांदाही उलटता येतील. नाताळ आला म्हणून येशू काही आपल्याकडे पडदे बघायला येत नाही. त्याच्या गोठ्याला खिडकीच नव्हती.

कर्ज फिटून जेमतेम महिना झालाय, लाली. बुडालेल्या गाडीचे हप्ते आपण भरले. नदीतून तिचं टपही वर दिसत नव्हतं आणि आपण हप्ते भरत होतो. आत्ता कुठे पैसा घरात येऊन टेकला आहे. त्याला जरा बसू दे.

पातेलं राहू दे तिथे. तू मात्र ये.

बाल्दो


लोपिनो, ६ डिसेंबर

लाली,

एका ओळीचं पत्र आलं. "कापड दुकानात परत कोण घेऊन गेलं, तेही लिहायचं होतंस." बाकी कोरा कागद. एवढा कागद वाया घालवायचा आणि वर काटकसरीचा राग माझ्यावर काढायचा.

बरं. मी घेऊन गेलो.

तू घडी घालून कपाटावर ठेवलं होतंस. पिवळं, त्यावर लाल जास्वंद. सकाळी आरिमाला फेरी होती, तेव्हा शर्टाच्या आत घातलं आणि त्या सीरियन कापडवाल्याच्या पुढ्यात ठेवलं. तो म्हणाला, बाईसाहेबांना रंग आवडला नाही का? मी म्हटलं, घराला आवडला नाही. त्याने कुरकुर केली, पण पैसे दिले. परत येताना वाटलं, मोठा तीर मारला. तुला सांगायचंही ठरवलं होतं, हसत हसत. तू हसली नाहीस. भांडलीही नाहीस. खुर्चीवरून उठून पिशवी भरायला लागलीस.

तुला ते कंजूषपणाचं वाटतं. तांती क्लेतालाही वाटतं. तिच्या मते माझी गाडी पेट्रोलवर नाही, पेट्रोलच्या वासावर चालते. पण तू तर ऐकलं आहेस ना, सहा वर्षं? सावकार शनिवारी यायचा. आधी फाटकाची कडी वाजायची, बोटातल्या अंगठीने. टक, टक. मग तो खोकायचा. मग तू कालवणाखालचा जाळ कमी करायचीस, म्हणजे त्याला वास जाऊ नये, की यांच्याकडे मासा शिजतोय. गेल्या शनिवारी कुणीतरी फाटकाला सायकल टेकवली. नुसती सायकल. आणि माझा हात आपणहून चुलीकडे गेला.

हे असं आहे. कर्ज फिटल्याचं कागदाला कळलं, हाताला अजून कळायचं आहे.

सर्व संतांच्या दिवशी आपण शेवटचा हप्ता भरून ट्यूनापूनाच्या चौकात उभे होतो तेव्हा तू बर्फाचा गोळा मागितलास. मी म्हटलं, घरी लिंबू आहे. तू तेव्हाही काही बोलली नाहीस. ते आता आठवतं. त्या वेळी मला वाटलं होतं, माझी बायको किती समजूतदार.

पोरीचं, इनेसचं, कार्ड आलं लंडनहून. तिकडे हॉस्पिटलात नाताळलाही ड्यूटी आहे म्हणते. दोघांना मिळून लिहिलंय, म्हणून टेबलावर उभं करून ठेवलं आहे.

बाल्दो


लोपिनो, १३ डिसेंबर, सांता लुसियाचा दिवस

लाली,

पत्र पोचलं. या वेळी कागदाची एकही कड रिकामी सोडली नाहीस. रामकिसूनने ते देताना माझ्याकडे असं पाहिलं की बहुतेक त्याने वाचलंय. किंवा तू लिहिताना ऑगुस्तीना मोठ्याने सांगत होती आणि अख्ख्या बसने ऐकलंय.

तू लिहिलंस: "कर्ज होतं तोवर मी पोटाला चिमटा घेतला तो तुझ्यासोबत. तेव्हा आपण दोघं एका बाजूला होतो आणि सावकार दुसऱ्या. आता सावकार गेला, तर तू त्याच्या बाजूला जाऊन बसलास. मग मी कुणासोबत बसू?"

हे वाक्य घेऊन मी दोन दिवस गाडी चालवली. आरूकाच्या वळणावर एक बाई ओरडली, "अहो, माझं घर मागे राहिलं." भाडं घेतलं नाही मी तिचं. बघ, तुझ्या पत्राने मला कुठवर आणलं.

मग हाताला काम दिलं. घराच्या पुढच्या भिंतीला चुना लावला. रंग नाही, चुना. दोन हात दिले. शेजारचा म्हणाला, घर आहे की कबर? पण उन्हात छान दिसतं. परसातली लाल अंबाडी तोडून बोंडं उन्हात वाळत घातली आहेत, सरबत होईल. आलं खणलं. मका आपलाच, केळीची पानं आपलीच. तांती क्लेताने पास्तेल कसे बांधायचे ते कुंपणापलीकडून सांगितलं. माझा पहिला पास्तेल पाहून म्हणाली की हा तर बाळोत्यात गुंडाळलेलं पोर दिसतोय, दोरा तरी जरा सैल कर. हॅम नाही. फळांचा काळा केक नाही. पण माणूस घरी आला तर त्याला तोंड गोड करून, पोट भरून पाठवता येईल इतकं आहे, आणि एकाही दुकानात पाऊल न टाकता. हेच तर मी म्हणत होतो, लाली. गरिबी वेगळी आणि हे वेगळं.

परांगवाले यायला लागलेत, दारोदार नाताळची गाणी म्हणत. वरच्या अंगाला दोन घरी होऊन गेले असं ऐकतो. या वर्षी मी त्यांच्यासाठी दार उघडणार आहे. सहा नाताळ आपण दिवे घालवून आत बसलो, कारण दारात गाणं झालं की गाणाऱ्यांना आत घ्यावं लागतं, आणि आत घेतलं की ताटात काही वाढावं लागतं. या वर्षी वाढायला आहे. त्यांनी बाहेर पहिलं कडवं गायलं की मी दार उघडणार, आणि तू आत नसशील. हे मला बरं दिसत नाही.

ये.

बाल्दो


लोपिनो, १७ डिसेंबर

लाली,

आज थट्टा नाही.

सोमवारी ऊन उतरलं तसे परांगवाले आपल्या रस्त्याला लागले. मला लांबूनच कळलं, सेवेरोचं क्वात्रो मी हजारात ओळखीन; त्याची एक तार नेहमी किंचित उतरलेली असते आणि त्याला वाटतं सगळ्या जगाचं बरोबर नाही. मी पुढच्या खोलीत दिवा लावला. पास्तेल वाफेवर ठेवले. धुतलेला शर्ट घातला आणि रिवाजाप्रमाणे दार लावून आत बसलो, की गाणं सुरू झालं की उघडायचं.

गाणं थांबलं. मला वाटलं, आता फाटकाशी आलेत, सूर जुळवतायत. मग पावलं ऐकू आली. सात-आठ माणसं, सावकाश, जणू आजारी माणसाच्या खोलीवरून जावं तशी. खुळखुळ्यांचा आवाज नाही, कुणी बोलत नाही. पावलं फाटकापुढून गेली. चिंचेपाशी पोचल्यावर क्वात्रो पुन्हा वाजायला लागलं आणि तांती क्लेताच्या दारात पहिलं कडवं झालं.

मी त्यातले चार पास्तेल खाल्ले. उरलेले तांती क्लेताकडे दिले, कुंपणावरून, तोंड न दाखवता.

दुसऱ्या दिवशी सेवेरो बाजाराला जायला माझ्याच गाडीत बसला. पुढच्या सीटवर. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. सात मैल मी गप्प राहिलो, आणि मी गप्प राहिलो की माणसं घाबरतात. शेवटी तोच म्हणाला, "कोंपे, राग आलाय का?"

मी विचारलं, माझ्या दारावरून तुम्ही मयत नेल्यासारखे का गेलात?

तो म्हणाला, नेहमीच तसे जातो. सहा वर्षं तसेच जातो. क्वात्रो काखेत, खुळखुळे खिशात.

मी म्हटलं की मला वाटायचं तुम्ही आमच्या रस्त्याला येतच नाही. दिवा नाही म्हणून टाळता. त्याला मी मनातल्या मनात शिव्यासुद्धा दिल्या होत्या.

"दिवा नसला म्हणून कुणी टाळतं का? दिवा नसतोच, तोच तर रिवाज," सेवेरो म्हणाला. "लाली आली होती माझ्याकडे. पहिल्याच वर्षी, तुझी गाडी नदीत गेली त्या डिसेंबरात. म्हणाली, 'सेवेरो, आमच्या दारात गाऊ नकोस. तू गायलास तर तो आत अंधारात बसून ऐकेल आणि दार उघडता यायचं नाही त्याला. ते त्याला सहन व्हायचं नाही. मुकाट्याने पुढे जा, म्हणजे त्याला वाटेल तुम्ही आलाच नाहीत.' आम्हा सगळ्यांकडून तिने शब्द घेतला."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. तू मला ओळखतेस, उतारावर पेट्रोल वाचवायलाही मी इंजिन बंद करत नाही, ब्रेकवर माझा विश्वास नाही. पण बंद केलं.

लाली, तू परांगवाल्यांच्या घरात जन्मलीस. तुझा बाप खुळखुळे वाजवायचा. आपलं लग्न ठरलं तेच मुळी कुणाच्या तरी दारात, पहिलं कडवं आणि दार उघडणं यांच्यामध्ये. आणि तू जाऊन सांगून आलीस की माझ्या घरावरून गाणं नेऊ नका. सहा वर्षं तू आत माझ्याशेजारी बसायचीस. ती पावलं तुलाही ऐकू येत असणार. नाही, तुलाच ऐकू येत असणार. मी कान मिटून बसायचो. मी वाचवलेलं सगळं मी मोजून दाखवू शकतो. तू काय सोडलंस ते मला माझ्याच गाडीच्या पुढच्या सीटवर दुसऱ्याने सांगावं लागलं.

मी सेवेरोला म्हटलं, झालं ते झालं, आता कर्ज नाही, उद्या ये आणि गा. तो मान हलवत बसला. म्हणाला, "शब्द तिला दिलाय, तुला नाही. तिने सोडवल्याशिवाय तुझ्या दारात तार छेडायची नाही मी. आणि कडव्यात घरच्या बाईचं नाव घ्यायचं असतं, कोंपे. तुझ्या घरात कुणाचं घेऊ? तुझं?"

बाल्दो


लोपिनो, २१ डिसेंबर

लाली,

तुझं उत्तर नाही. रामकिसून म्हणतो, बाईंनी पत्र घेतलं, तिथेच फाटकात उभ्या राहून वाचलं आणि आत गेल्या. मी विचारलं, चेहरा कसा होता? तो म्हणाला, "मी बस चालवतो, चेहरे नाही वाचत." पण मग म्हणाला, पुन्हा एकदा वाचत होत्या.

काल मी कापडवाल्याकडे गेलो. ते जास्वंदीचं कापड विकलं गेलं. कुणा बाईने पूर्ण तागा नेला. त्याने दुसरी पाच-सहा काढून दाखवली, पोपटी, निळं, एक तर असं चकचकीत की त्यात माझा चेहरा दिसला. मी एकही घेतलं नाही. हे वाचून तू कपाळाला हात लावशील, म्हणून कारण ऐक. मी निवडून आणलं असतं तर तो पुन्हा माझाच हुकूम झाला असता, फक्त फुलाफुलांचा.

घरी येऊन जुने पडदे काढून टाकले. आता खिडक्यांना काहीच नाही. बाजारातून येणारं प्रत्येक माणूस आत डोकावून जातं. तांती क्लेता म्हणाली, "बाल्दो, तू जेवताना किती तोंड वाकडं करतोस ते आज कळलं." म्हटलं, बघून घ्या, तिकीट नाही.

मी काही उधळ्या होणार नाही, लाली. खोटं कशाला सांगू. दिवा गरज नसेल तेव्हा मालवीन, उरलेल्या साबणाचे तुकडे एकत्र दाबून वडी करीन, उसने आणलेले शब्दसुद्धा वेळेवर परत करीन. तुलाही उधळणं कधी नको होतं, तुला चार वार कापड हवं होतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काटकसर दोघांनी मिळून केली तर तो संसार असतो. एकट्याने दुसऱ्याकडून करवून घेतली की ती सावकारी. तू पत्रात हेच लिहिलं होतंस, तुझं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तेव्हा पैशांच्या कपाटाची किल्ली या पाकिटात घातली आहे. दुसरी किल्ली नाही, करवून घेतली तर पैसे पडतात. तू येईपर्यंत माझा स्वतःचा नाताळही आत कोंडलेला आहे, कारण रमची बाटली त्याच कपाटात आहे. तू आलीस की आधी बसून बोलू, मग उघडू. उलट क्रमाने झालं तरी माझी तक्रार नाही.

तू म्हणालीस, तोंड दाखवू नकोस. मी तुझा शब्द मोडणार नाही. पण रिवाजात असं आहे की दार उघडेपर्यंत परांगवाल्याला तोंड नसतं. तो नुसता आवाज असतो. सेवेरोशी मी घासाघीस केली. तो म्हणतो, तिने तिच्या लोपिनोच्या दाराबद्दल शब्द घेतला होता, टोकोच्या दाराबद्दल नाही. पेट्रोल माझं, जेवण ऑगुस्तीनाचं, या बोलीवर तो तयार झाला. ऑगुस्तीनाला अजून कळवलेलं नाही.

बाल्दो


टोको, २४ डिसेंबर, दुपार
(दाराखालून)

लाली,

हे मी सेवेरोच्या पाठीवर कागद ठेवून लिहितोय आणि तो गाता गाता मला शिव्या घालतोय. गाडीत सहा जण कोंबले होते. समुद्राच्या वळणांवर दोघांना ओकाऱ्या झाल्या. खुळखुळेवाला आलाच नाही, म्हणून ते माझ्या हातात आहेत आणि मला ताल कधीच नव्हता हे तुला माहीत आहे. सगळे मला म्हणतात, तू हलवू नकोस, नुसते धर.

पहिलं कडवं दोनदा झालं. त्यात सेवेरोने तुझं नाव घातलं. त्याने ते इतकं लांबवलं की शेजारची कोंबडी ओरडली. बाहेरून बोलायचं नाही असा रिवाज, म्हणून बोलत नाही. पण ऐकू नये असा रिवाज कुठेच नाही, आणि ऑगुस्तीनाच्या घराच्या फळ्या पातळ आहेत.

आत्ता ऑगुस्तीना म्हणाली, "मी उघडते बाई, बिचारे उन्हात उभे आहेत." तिचा पाय चांगला दणकट वाजतो.

आणि तू म्हणालीस, "थांब. सहा वर्षांचं गाणं आहे माझं त्यांच्याकडे. गाऊ दे."

सगळ्यांनी ऐकलं. सेवेरोने टोपी काढली, घाम पुसला, तार पिळली. ती अजून उतरलेलीच आहे. मला म्हणतो, "कोंपे, आता कागद ठेव खिशात. पुढचं कडवं घरधन्याचं असतं, ते तू म्हण."

माझा आवाज कसा आहे ते तुला माहीत आहे. तरी म्हणतो. उघडायची घाई करू नकोस, लाली. वसूल कर सगळं.